ऐन भरात थांबलेला आवाज

मार्च १९९२ मधली गोष्ट. सत्यजित राय कलकत्त्याच्या एका रुग्णालयात अंथरुणाला खिळले होते. अकादमीनं त्यांना सन्माननीय ऑस्कर जाहीर केलं होतं, पण अमेरिकेचा प्रवास शक्य नव्हता. म्हणून ती पुतळी त्यांच्याकडेच आली आणि ती हातात धरून त्यांनी केलेलं छोटंसं भाषण चित्रित करून सोहळ्यात दाखवलं गेलं. त्या भाषणात राय यांनी शाळकरी वयातली एक आठवण सांगितली. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा त्यांनी हॉलिवूडच्या एका नटीला पत्र लिहिलं आणि तिचं उत्तर आलं. मग जिंजर रॉजर्सला लिहिलं, तिचं उत्तर आलं नाही. पुढे दिग्दर्शक बिली वाइल्डरला चांगलं बारा पानी पत्र लिहिलं, त्यानंही दाद दिली नाही.

उत्तर देणारी ती पहिली नटी म्हणजे डिअॅना डर्बिन. ती आणि राय दोघंही १९२१ साली जन्मलेले. म्हणजे पत्र लिहिणारा आणि उत्तर देणारी एकाच वयाची! राय ते भाषण करत होते तेव्हा डिअॅना सत्तर वर्षांची होती, पॅरिसजवळच्या एका गावात राहत होती आणि तिला सिनेमा सोडून चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. एके काळी जिचा पगार अमेरिकेतल्या कुठल्याही स्त्रीपेक्षा जास्त होता, ती सत्तावीस-अठ्ठावीसाव्या वर्षी उठून निघून गेली आणि परत आलीच नाही. आज तिची गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठीच. कीर्ती मिळवण्याच्या कहाण्या आपण पुष्कळ ऐकतो. मिळालेली कीर्ती आपणहून खाली ठेवणारी माणसं मात्र विरळा.

तिचं खरं नाव एडना मे डर्बिन. जन्म ४ डिसेंबर १९२१ चा, कॅनडातल्या विनिपेगचा. आईवडील मूळचे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे. मुलगी अगदी तान्ही असतानाच कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात आलं. घरची परिस्थिती साधारण, पण मुलीचा गळा असाधारण. आंद्रेस दे सेगुरोला हे एके काळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले स्पॅनिश गायक तिला शिकवू लागले. तिचा आवाज होता सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य संगीतात स्त्रियांच्या आवाजाची जी सगळ्यात वरची पट्टी मानतात, त्या पट्टीतला. असा आवाज तयार व्हायला वर्षानुवर्षं जातात. हिच्याकडे तो तेराव्या-चौदाव्या वर्षीच होता. वरचा सूर लावताना ना ओढाताण, ना आरडाओरडा. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’साठीही तिचा आवाज ऐकला गेला होता, पण तो फार मोठ्या बाईचा वाटतो म्हणून नाकारला गेला, असं सांगतात.

१९३५ साली एमजीएम या बड्या स्टुडिओनं तिला करारबद्ध केलं. अर्नेस्टिन शूमन-हाइंक या थोर ऑपेरा गायिकेच्या आयुष्यावर तिथं चित्रपट निघायचा होता आणि तिच्या बालपणीच्या भूमिकेसाठी गाणारी मुलगी हवी होती. पण शूमन-हाइंक आजारी पडल्या, चित्रपट बारगळला आणि ज्या कामासाठी घेतलं ते कामच उरलं नाही. त्याच स्टुडिओत त्याच सुमारास आणखी एक गाणारी मुलगी होती. तिच्याहून सहा महिन्यांनी लहान. तिचं नाव ज्यूडी गारलँड.

१९३६ साली या दोघींना घेऊन एमजीएमनं ‘एव्हरी संडे’ नावाचा जेमतेम अकरा मिनिटांचा लघुपट काढला. गावातल्या बागेत दर रविवारी वादकांचा एक जुना संच वाजवत असतो, पण ऐकायला माणसं येत नाहीत. आता तो बंद होणार म्हणून या दोन मुली मंचावर चढून गातात आणि बाग माणसांनी भरून जाते. एवढीच गोष्ट. डिअॅना शास्त्रोक्त ढंगात गाते, ज्यूडी जॅझच्या ठेक्यावर, आणि शेवटी दोघींचे आवाज एकमेकांत गुंफले जातात. पुढे या दोघींची आयुष्यं कुठल्या कुठे गेली, हे ठाऊक असताना हा लघुपट पाहिला की पोटात कालवतं.

एमजीएमनं ज्यूडीला ठेवलं आणि डिअॅनाचा करार संपू दिला. यामागे स्टुडिओप्रमुखाच्या हुकमाचा कसा गोंधळ झाला, याच्या अनेक दंतकथा आहेत. त्या बाजूला ठेवू. झालं एवढं की डिअॅना लगेच युनिव्हर्सल स्टुडिओत गेली.

युनिव्हर्सलची तेव्हा पार रया गेली होती. १९३६ सालीच संस्थापक कार्ल लेमली यांच्या हातून कंपनी निसटली होती आणि नवे मालक तोट्यात होते. तिथं जो पास्टरनाक हा मूळचा हंगेरीचा निर्माता आणि हेन्री कोस्टर हा मूळचा जर्मनीचा दिग्दर्शक, अशी जोडी होती. त्यांच्या ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’मध्ये डिअॅनाला भूमिका मिळाली. तीन बहिणी आपल्या घटस्फोटित वडिलांचं दुसरं लग्न मोडायला आणि आईवडिलांना परत एकत्र आणायला निघतात, असं कथानक. सगळ्यात धाकटी बहीण डिअॅना. तिचं काम पाहून तिची भूमिका वाढवली गेली. १९३६ च्या डिसेंबरात चित्रपट लागला आणि पंधरा वर्षांची मुलगी एका दमात तारका झाली.

यात रेडिओचाही वाटा होता. एडी कँटर या लोकप्रिय विनोदी नटाचा साप्ताहिक कार्यक्रम तेव्हा अमेरिकेत घरोघरी ऐकला जाई. त्यात डिअॅना नियमित गात असे. चित्रपट थिएटरात लागला तेव्हा हा आवाज लोकांच्या दिवाणखान्यात आधीच पोचलेला होता.

तिचं गाणं लोकांना एवढं का भावलं? एक तर ते खरंखुरं तिचंच होतं. आपल्याकडे पार्श्वगायन रुळण्याआधी सैगल किंवा शांता आपटे जसे स्वतःच गात, तशीच ही. हॉलिवूडमध्ये गाणं सहसा आधी ध्वनिमुद्रित होई आणि चित्रीकरणाच्या वेळी नटी त्यावर ओठ हलवी. पण आवाज तिचाच. दुसरं म्हणजे, ऑपेराचं गाणं ही श्रीमंतांच्या सभागृहातली गोष्ट मानली जाई. भारदस्त बाई, भरजरी पोशाख आणि परकी भाषा. तेच गाणं इथं शेजारच्या घरातली वाटावी अशी मुलगी, साध्या फ्रॉकमध्ये, खेळता खेळता म्हणत होती. आणि तिसरं कारण काळाचं. १९२९ मध्ये सुरू झालेल्या महामंदीनं अमेरिका पोळली होती. अशा दिवसांत आत्मविश्वासानं भरलेली, कुणापुढे न दबणारी, मोठ्यांचे गुंते सोडवणारी मुलगी पडद्यावर आली, तेव्हा लोकांनी तिला आपलं मानलं.

हे सगळं एकत्र आलेलं पाहायचं तर १९३७ चा ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’ पाहावा. मूकपटांच्या काळात मोठ्या थिएटरात वादकांचा ताफा असे. बोलपट आले आणि हजारो वादक रस्त्यावर आले. त्यात मंदीची भर. या चित्रपटातल्या मुलीचे वडील असेच बेकार ट्रॉम्बोनवादक आहेत. ती शंभर बेकार वादक गोळा करते, त्यांचा वाद्यवृंद बांधते आणि त्याचं संचालन करायला चक्क लिओपोल्ड स्टोकोव्स्कीला गाठते. फिलाडेल्फिया वाद्यवृंदामुळे जगभर नाव झालेला हा संचालक चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत आहे. तो नाही म्हणतो, तेव्हा ती मंडळी त्याच्या घरात शिरून भल्या मोठ्या जिन्यावर उभी राहतात आणि वाजवायला लागतात. नकार देणाऱ्या त्या माणसाचे हात हळूहळू नकळत हलू लागतात. गोष्ट भाबडी आहे, पण तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. या चित्रपटाला संगीताचं ऑस्कर मिळालं. मोझार्ट आणि व्हर्दी कधी न ऐकलेल्या लाखो लोकांनी ते पहिल्यांदा ऐकले ते या मुलीच्या तोंडून.

मग काय, तिच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, तिच्यासारखे फ्रॉक निघाले, तिला नायिका करून मुलांच्या कादंबऱ्या निघाल्या. १९३९ च्या सुरुवातीला तिला आणि मिकी रूनीला तरुणाईचं चैतन्य पडद्यावर आणल्याबद्दल खास ऑस्कर दिलं गेलं. त्याच वर्षी ‘फर्स्ट लव्ह’मध्ये रॉबर्ट स्टॅक या नवख्या नटानं तिचं पहिलं चुंबन घेतलं, तर त्याची वर्तमानपत्रांत ठळक बातमी झाली! एका मुलीचं वयात येणं हा साऱ्या जगाचा विषय झाला होता.

त्याच ‘फर्स्ट लव्ह’शी निगडित एक आठवण मात्र गंभीर करून जाते. जुलै १९४२ मध्ये अॅमस्टरडॅममधल्या एका इमारतीच्या मागच्या भागात एक ज्यू कुटुंब नाझींपासून लपायला आलं. त्या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीनं आपल्या खोलीच्या उघड्याबोडक्या भिंतीवर सिनेनटांची चित्रं चिकटवली. ती मुलगी म्हणजे अॅन फ्रँक, आणि त्या चित्रांत डिअॅना डर्बिन आहे. अॅन छळछावणीत मेली. ती भिंत आणि त्यावरची चित्रं आजही तिथं काचेमागे जपून ठेवली आहेत.

युद्धकाळात हा आवाज असाच दूरदूर पोचला. ‘हिज बटलर्स सिस्टर’ या १९४३ च्या चित्रपटात डिअॅना रशियन गाणी गायली आणि सोव्हिएत रशियात तो चित्रपट अफाट लोकप्रिय झाला. मोठा चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रॉस्ट्रोपोविच आपल्यावर झालेल्या संस्कारांत तिच्या निर्मळ आवाजाचा उल्लेख करत असे. युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी १९४६ मध्ये, पराभूत जपानमध्ये जे पहिले अमेरिकी चित्रपट लागले त्यांतही हाच होता.

हे झालं बाहेरून दिसणारं चित्र. आतून काय चाललं होतं?

त्या काळी हॉलिवूडमध्ये नटनटी स्टुडिओच्या पगारी नोकर असत. सात-सात वर्षांचे करार असत. कोणत्या चित्रपटात काम करायचं, काय घालायचं, मुलाखतीत काय बोलायचं, हे स्टुडिओ ठरवी. नकार दिला तर निलंबन, म्हणजे पगार बंद. डिअॅना वीस वर्षांची झाली तरी युनिव्हर्सलला तिच्यातली पंधरा वर्षांची मुलगीच विकायची होती. १९४१ मध्ये पास्टरनाक दुसऱ्या स्टुडिओत गेला आणि तिची जपणूक करणारा माणूसच उरला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस तिनं एक चित्रपट नाकारला. स्टुडिओनं तिला निलंबित केलं. ती डगमगली नाही. काही महिन्यांनी स्टुडिओच नमला आणि कथा, दिग्दर्शक, गाणी यांत तिचं म्हणणं विचारात घेण्याचं कबूल झालं.

या मोकळिकीचं सगळ्यात चांगलं फळ म्हणजे १९४४ चा ‘ख्रिसमस हॉलिडे’. सॉमरसेट मॉमच्या कादंबरीवरचा, रॉबर्ट सिओडमाकनं दिग्दर्शित केलेला काळोखा चित्रपट. यात डिअॅना एका खुनी माणसाची बायको आहे, बदनाम वस्तीतल्या क्लबात गाते. नवऱ्याच्या भूमिकेत जीन केली, म्हणजे पुढे नाचगाण्यांच्या चित्रपटांत गाजलेला हसतमुख नट. इथं मात्र त्याच्याही हसण्याची भीती वाटते. गाण्यात वरच्या पट्टीतली चमक नाही; थकलेल्या बाईनं खालच्या सुरात गुणगुणावं तसं ती गाते. चित्रपट चालला, पण बऱ्याच लोकांना रुचला नाही. त्यांना त्यांची लाडकी लेक हवी होती. डिअॅनाला मात्र आपल्या साऱ्या कारकिर्दीत खरा चांगला म्हणावा असा हाच एक वाटे.

आणि मला वाटतं, खरी गाठ इथंच पडली. प्रेक्षकांनी जिच्यावर जीव लावला ती मुलगी ती नव्हतीच. पुढे एकदा तिनं तसं लिहूनही कळवलं, की आपण चारचौघींसारखीच मुलगी होतो आणि पडद्यावरची ती सदा हसरी, सगळ्यांचं भलं करणारी मुलगी हे आपल्यावर लादलेलं सोंग होतं. तिच्यात आणि आपल्यात काही साम्य नव्हतं.

त्यानंतर ‘कान्ट हेल्प सिंगिंग’ हा तिचा एकमेव रंगीत चित्रपट आला, जेरोम कर्नच्या संगीतानं नटलेला. मग ‘लेडी ऑन अ ट्रेन’ हा हलकाफुलका रहस्यपट. पण स्टुडिओची व्यवस्थापनं बदलत गेली आणि पुढच्या चित्रपटांत कस उरला नाही. पगार मात्र चढता होता. १९४७ साली ती अमेरिकेत सर्वाधिक पगार घेणारी स्त्री म्हणून गणली गेली. या काळात दोन लग्नं झाली आणि मोडली. दुसऱ्या लग्नापासून एक मुलगी होती. १९४८ साली तिचा एकविसावा आणि शेवटचा चित्रपट लागला. पुढच्या वर्षी युनिव्हर्सलशी असलेला संबंध संपला.

तेव्हा तिचं वय सत्तावीस. गळा शाबूत. दुसऱ्या स्टुडिओंचे दरवाजे उघडे. आणि ही बाई सरळ फ्रान्सला निघून गेली.

डिसेंबर १९५० मध्ये तिनं शार्ल दाविद या फ्रेंच दिग्दर्शकाशी लग्न केलं. ‘लेडी ऑन अ ट्रेन’ त्यानंच दिग्दर्शित केला होता. लग्नाच्या वेळी त्यानं तिला एक वचन दिलं होतं म्हणे, की कोळी, डास आणि पत्रकार या तिघांपासून तुझं रक्षण करीन. पॅरिसच्या पश्चिमेला नोफ्ल-ल-शातो नावाच्या खेड्यात दोघांनी घर केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. ती स्वयंपाक करी, बाजारहाट करी, मुलं वाढवी. पास्टरनाक तिला परत बोलवत राहिला. सगळ्यांच्या भानगडी निस्तरणारी आणि मधेच गाणं म्हणणारी पोर होऊन आता मला वावरता येणार नाही, अशा अर्थाचं तिचं उत्तर ठरलेलं. पुढे ‘माय फेअर लेडी’ म्हणून गाजलेल्या संगीतिकेसाठीही तिला विचारलं गेलं होतं, असं सांगतात. तिथंही नकारच.

गंमत अशी की १९७८ च्या शरद ऋतूत याच चिमुकल्या गावात जगभरचे पत्रकार कॅमेरे घेऊन लोटले. पण ते हिच्यासाठी नव्हे. इराणमधून परागंदा झालेले आयातुल्ला खोमेनी तिथं येऊन राहिले होते. त्याच गावात हॉलिवूडची एके काळची महाराणी निवांत राहत होती. १९८३ मध्ये डेव्हिड शिपमन या चित्रपट-इतिहासकाराला तिनं एक सविस्तर मुलाखत दिली. तेवढाच अपवाद. बाकी दार बंद.

इथं पुन्हा ती बागेतली दुसरी मुलगी आठवते. ज्यूडी गारलँडनं १९३९ मध्ये ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ केला आणि ती अमर झाली. पण किशोरवयात स्टुडिओत आपल्याला उत्साहासाठी आणि मग झोपेसाठी गोळ्या दिल्या जात, हे तिनंच पुढे सांगितलं आहे. त्या गोळ्या आयुष्यभर सुटल्या नाहीत. कर्ज, आजारपण, पुनःपुन्हा रंगमंचावर परतणं आणि जून १९६९ मध्ये लंडनला सत्तेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. दोघींपैकी कोण शहाणी, असा निवाडा करण्यात अर्थ नाही. ज्यूडीला गाण्यावाचून जगता आलं नसतं, आणि तिचं उत्तरायुष्यातलं गाणं जगाला मिळालं ते त्यामुळेच. डिअॅनाचं तसं गाणं आपल्याला मिळालंच नाही. तिशीतला, चाळिशीतला तिचा पिकलेला गळा कसा असता, हे आपण कधीच ऐकणार नाही. रसिक म्हणून ही हळहळ खरीच आहे.

पण त्या हळहळीच्या पलीकडचंही पाहायला हवं. पंधरा वर्षांच्या मुलीनं एका बुडत्या कंपनीला हात दिला, मंदीनं आणि युद्धानं गांजलेल्या माणसांना घटकाभर उभारी दिली. याच्या बदल्यात तिनं सारं आयुष्य पडद्यावर काढायला हवं होतं का? आवाज लोकांचा लाडका झाला म्हणून तो लोकांच्या मालकीचा होत नाही. आपल्याकडेही लहान मुलांना आज मंचावर उभं करून गायला लावतो, टाळ्या वाजवतो. त्या मुलाला उद्या गावंसं वाटलं नाही तर, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही.

शार्ल दाविद १९९९ मध्ये गेले. एप्रिल २०१३ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी डिअॅनाही गेली. ती गेल्याची बातमीसुद्धा तिच्या चाहत्यांच्या मंडळाच्या पत्रिकेतून, काही दिवसांनी जगाला कळली. मुलानं चाहत्यांचे आभार मानले ते एका गोष्टीसाठी : तुम्ही तिच्या खासगी आयुष्याचा मान राखलात.

तिचे जुने कृष्णधवल चित्रपट कुठे पाहायला मिळाले तर जरूर पाहा. गोष्टी आता भाबड्या वाटतील, पण गाणं सुरू झालं की ते वाटणं थांबेल. आणि गाणारी ती मुलगी पाहताना हेही लक्षात असू द्या, की कलकत्त्याच्या एका अनोळखी मुलाच्या पत्राला तिनं उत्तर पाठवलं होतं, आणि ते त्यानं मरणाच्या दारातही लक्षात ठेवलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)